वाफेचं इंजिन एकदा पेटवणं सोप्पं, दहा वर्षं चालवायचं कसं? नागपूरच्या रेल्वेवेड्यांसाठी पैशाचा हिशेब

मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये कोणालाही घेऊन जा, दहा मिनिटांत प्रश्न येतोच, "काहो, हे इंजिन चालू नाही होऊ शकत का?" होऊ शकते ना भाऊ. जुनं इंजिन दुरुस्त करणारे वर्कशॉप देशात आहेत, रेवाडीला वाफेच्या इंजिनांची अख्खी शेड आहे, तमिळनाडूच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने तर निलगिरीच्या गाडीसाठी कोरी करकरीत वाफेची इंजिनं बनवली आहेत. म्हणजे अडचण लोखंडाची नाही. अडचण अशी की उद्घाटनाच्या दिवशी पैसा देणारे शंभर मिळतात, फीत कापायला मंत्रीही येतात, आणि आठव्या-नवव्या वर्षी बॉयलर उघडायची वेळ आली की फोन कोणी उचलत नाही. म्हणून हे सगळं उलट्या बाजूनं लिहून राहिलो, आधी शेवटचा खर्च आणि मग सुरुवातीचा.

पण त्याआधी एक स्वप्न बाजूला ठेवा. आपल्याकडची अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज लाइन आता नाही. छिंदवाड्याची २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये, गोंदिया-जबलपूर तर ब्रॉडगेज होऊन मोकळी झाली. व्हॉट्सअपवर दर महिन्याला कोणीतरी "इतवारी ते नागभीड हेरिटेज ट्रेन सुरू करा" अशी मागणी फिरवते, त्याला लाइक करा आणि विसरून जा. शंभर किलोमीटर ट्रॅक म्हणजे पूल, फाटक, गँगमन, सिग्नल, सगळं आपल्या डोक्यावर. इंग्लंडमध्ये डिडकॉटला ग्रेट वेस्टर्न सोसायटीचं रेल्वे सेंटर आहे, तिथे गाड्या शेडच्या आवारातल्या छोट्याशा लाइनवर मागं-पुढं चालतात आणि लोक तिकीट काढून येतात. लोकांना अंतर नको असते. शिटी, वाफ, कोळशाचा वास आणि इंजिनाजवळ उभं राहून फोटो पाहिजे असतो, हे अर्ध्या किलोमीटरमध्येही मिळते. मोतीबागचं म्युझियम १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं, बाजूला जुनं वर्कशॉप आहे, गावात रेल्वेचे दोन-दोन डिव्हिजन आहेत. पहिला प्लॅन एवढ्याच आवाराचा करा.

आता इंजिन कोणाचं? हे कागदावर क्लिअर झाल्याशिवाय एक रुपया गोळा करू नका. म्युझियममधलं इंजिन रेल्वेचं आहे, आपल्या संस्थेचं नाही, त्यामुळे करार लागते आणि त्या करारात तीन गोष्टी पाहिजेच. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, तिकिटाचा पैसा कोणाच्या खात्यात जाणार, आणि साहेब बदलले तर काय. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही आणि त्यातच घोळ होतो, कारण एक डीआरएम, म्हणजे डिव्हिजनचे मोठे साहेब, उत्साहानं हो म्हणतात, दोन वर्षांनी त्यांची बदली होते आणि नवीन साहेबांच्या टेबलवर तुमची फाईल म्हणजे नुसती कटकट. करार किमान दहा वर्षांचा मागा, बॉयलरच्या एका चक्राइतका, म्हणजे एका मोठ्या दुरुस्तीपासून दुसरीपर्यंत. दुसरं म्हणजे बॉयलरचा कायदा. रेल्वेच्या ताब्यातल्या इंजिनाची तपासणी रेल्वेच करते, राज्याचा बॉयलर इन्स्पेक्टर तिथे येत नाही. पण तेच इंजिन उद्या एखाद्या खासगी पार्कमध्ये किंवा ट्रस्टच्या मालकीनं चालवायचं म्हटलं तर बॉयलर कायद्यात रजिस्ट्रेशन आणि दरवर्षीची तपासणी आलीच. १९२३ चा जुना कायदा जाऊन २०२५ चा नवीन आला आहे, तेव्हा नेटवरचे जुने फॉर्म भरत बसू नका.

आता मेन मुद्दा, बॉयलर.

चाकं, पिस्टन, ब्रेक, हे सगळं झिजते पण दिसून झिजते. बॉयलर आतून झिजते. पाणी उकळलं की त्यातला क्षार आगीची गरम हवा नेणाऱ्या ट्यूबवर आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या पत्र्यावर बसतो, आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या गीझरची कॉइल काढून पाहिलेल्यांना माहीत आहे. क्षाराचा थर बसला की आगीची उष्णता पाण्यात नीट जात नाही, पत्रा जास्त तापतो, पत्रे धरून ठेवणारे स्टे गळायला लागतात. म्हणून वॉशआउट. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, घाई केली तर पत्र्याला चीर जाते, मग खालच्या कोपऱ्यातले मडहोलचे दरवाजे आणि प्लग काढायचे, जोराच्या पाण्याचा पाइप आत घालून फिरवायचा, आणि गढूळ पांढरट चिखल बाहेर येतो तो स्वच्छ पाणी येईपर्यंत काढत राहायचा. नंतर टॉर्च आणि आरसा घेऊन आत पाहायचं, पाणी कमी पडलं तर वितळणारा लेड प्लग तपासायचा, नवीन गॅस्केट लावून बंद करायचं. एका वॉशआउटला दोन-तीन माणसांचे एक-दोन दिवस जातात, तिकीट एकही खपत नाही, आणि फेसबुकवर टाकायला फोटोही धड मिळत नाही. या कामाला डोनर मिळत नाही, लिहून ठेवा. हा खर्च चालू कमाईतूनच काढायचा आहे. गोडं पाणी वापरा, आरओ किंवा सॉफ्टनरवर सुरुवातीलाच खर्च करा, तो पैसा वॉशआउटमध्ये आणि ट्यूबमध्ये परत मिळते.

आणि मग मोठी दुरुस्ती. इंग्लंडमध्ये बॉयलरला साधारण दहा वर्षांचं "तिकीट", म्हणजे चालवायचं सर्टिफिकेट असते, दहा वर्षं झाली की इंजिन थांबवून बॉयलर फ्रेमवरून उतरवतात, सगळ्या ट्यूब काढतात. अमेरिकेत नियम वेगळा आहे, चालवलेले १४७२ दिवस किंवा १५ वर्षं, जे आधी होईल ते. दोन्हीकडे अर्थ एकच, तारीख आधीपासून माहीत असते. लग्नाची तारीख ठरली असूनही हॉल बुक न करणाऱ्या मुलीच्या बापासारखं वागू नका, एवढंच सांगणं आहे.

हिशेब असा मांडा. आकडे फक्त समजायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही कोटेशन घेऊन टाका. समजा मोठ्या दुरुस्तीला ६० लाख लागणार. दहा वर्षं म्हणजे वर्षाला ६ लाख. वर्षात ८० दिवस गाडी चालवली तर दिवसाला साडेसात हजार. दिवसाला २५० लोक बसले तर माणशी ३० रुपये. म्हणजे १०० रुपयांचं तिकीट असेल तर त्यातले ३० तुमचे नाहीतच, ते बॉयलरचे. त्याच दिवशी संध्याकाळी वेगळ्या खात्यात टाका, महिन्याच्या शेवटी उरले तर टाकू असं म्हणाल तर कधीच उरणार नाही. त्याची एफडी करा, ती मोडायला निदान तीन विश्वस्तांची सही ठेवा, आणि दरवर्षी नवीन कोटेशन मागवून ६० चा आकडा वाढवत राहा कारण तांबं आणि लोखंड तुमच्यासाठी थांबणार नाही.

अंदाज वाढतोच, हेही धरून चाला. फ्लाइंग स्कॉट्समन हे जगातलं बहुतेक सगळ्यात नावाजलेलं इंजिन, ब्रिटनच्या नॅशनल रेल्वे म्युझियमनं २००४ मध्ये सुमारे २३ लाख पौंडांना घेतलं, दुरुस्ती होऊन ते रुळावर आलं २०१६ ला आणि दुरुस्तीचाच खर्च ४२ लाख पौंडांच्या घरात गेला, सुरुवातीला सांगितलेला आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. जितकं उघडावं तितकं सडलेलं सापडत गेलं. तेव्हा कोटेशनवर निदान तिसरा हिस्सा जास्तीचा धरा, आणि इंजिन पूर्ण उघडून तपासल्याशिवाय कोणालाही तारीख देऊ नका, पेपरवाल्यांना तर अजिबातच नाही.

रोजचा खर्च तुलनेनं सोपा आहे पण लोकांना तो कळत नाही. सकाळी दहाला गाडी पाहिजे तर रात्रीच कोणीतरी शेडमध्ये असायला लागते, थंड बॉयलर हळूहळू गरम करायचा असतो, एकदम आग लावून चालत नाही. म्हणजे चार फेऱ्यांच्या दिवसाला दीड दिवसाचा पगार. म्हणून एखाद्या रविवारी एकटाच दिवस चालवण्यापेक्षा शनिवार-रविवार जोडून चालवा, बॉयलर कोमट असते, कोळसा वाचतो आणि पत्र्यालाही गरम-थंडचा मार कमी बसतो.

कोळशाबद्दल नागपूरकरांचा एक गोड गैरसमज आहे की वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं हेड ऑफिसच आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, मग कोळशाची काय कमी. कमी नाही, पण आपल्या देशातल्या बहुतेक कोळशात राख ३० ते ४५ टक्के, आणि कोराडीच्या पॉवर प्लांटमध्ये तो दळून जाळतात म्हणून चालते. फायरबॉक्समध्ये राख जाळीवर बसते, क्लिंकर म्हणजे वितळलेल्या राखेचे खडे जमतात, हवा अडते आणि फायरमनचा घाम निघतो. आपल्याला पाहिजे कमी राखेचा, मुठीएवढ्या ढेकळांचा कोळसा, आणि तोही थोडा थोडा. विकत घ्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणचा नमुना जाळून पाहा. इंग्लंडवाल्यांची तर वेगळीच पंचाईत, वेल्समधली फोस-य-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाली आणि चांगला वाफेचा कोळसा बाहेरून आणायची वेळ आली. निलगिरीला तेलावरची इंजिनं आहेत, तो मार्गही डोक्यात ठेवा. मोतीबागच्या आजूबाजूला कडबी चौक, इंदोरा, सगळी दाट वस्ती आहे, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडली की पहिली तक्रार तिथूनच येणार. वस्तीतल्या लोकांना पहिल्याच महिन्यात फुकट फेरी द्या, चालवायच्या तारखा आधी सांगा, आणि चिमणीला ठिणगीची जाळी बसवा, उन्हाळ्यात वाळलं गवत पेटायला एक ठिणगी बस.

आता पैसा आणायचा कुठून.

संस्था पहिले. सार्वजनिक ट्रस्ट करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, नाहीतर सेक्शन ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी. मग इन्कम टॅक्समधली १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सूट) आणि ८०जी (देणगीदाराला सूट) नोंदणी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधी पाहिजे असेल तर सीएसआर-१ फॉर्म. इथे लोक फसतात ते असं की नवीन संस्थेला लगेच सीएसआर मिळत नाही, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागते. म्हणून इंजिनाची वाट न पाहता संस्था आजच रजिस्टर करा आणि तीन वर्षं छोटी कामं करा. जुने फोटो आणि टाइमटेबल गोळा करा, म्युझियममधल्या डब्यांचं लाकूडकाम करून द्या, शाळांच्या सहली घडवा. त्याचा दरवर्षी ऑडिट रिपोर्ट ठेवा. घाई असेल तर आधीच अनुभव असलेल्या वारसा संस्थेसोबत मिळून प्रस्ताव द्या.

सीएसआर कायद्यात राष्ट्रीय वारशाचं जतन हे कलम आहे, शेड्यूल सातमध्ये, त्यावरच बोट ठेवून प्रस्ताव लिहा. वेकोलि आहे, मँगनीजवाली मॉइल आहे, दोन्हींची मुख्य ऑफिसं गावातच, आणि बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्या आहेत. पण त्यांच्याकडे मागायचं काय ते नीट ठरवा. सीएसआरवाल्यांना बोर्ड लावता येईल अशी वस्तू पाहिजे असते, आणि एका प्रोजेक्टला सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. म्हणजे शेडचं छप्पर मागा, पाण्याचा प्लांट मागा, डब्याची दुरुस्ती, अपंगांसाठी रॅम्प, शाळेच्या मुलांची गॅलरी मागा. फायरमनचा पगार आणि वॉशआउट त्यांच्याकडे मागू नका, दिला तरी तीन वर्षांनी बंद होईल आणि तुम्ही तोंडघशी पडाल. रोजचा खर्च रोजच्या माणसांकडूनच येतो.

आणि रोजची माणसं कशी जमवायची हे टोर्नेडो नावाचं इंजिन बनवणाऱ्यांकडून शिका. त्या जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं, तर ब्रिटनमधल्या काही लोकांनी ट्रस्ट करून नवीनच बनवलं, २००८ मध्ये ते चाललं, खर्च ३० लाख पौंडांच्या आसपास. मागणी काय होती, तर आठवड्याला एका बिअरच्या ग्लासाची किंमत द्या, पण दर आठवड्याला द्या. सोबत बाँडही काढले. आपण बिअर नको, आठवड्याला एक प्लेट तर्री पोहे म्हणू. ४० रुपये धरा, वर्षाचे २०८०, असे पाचशे लोक मिळाले तर १० लाख ४० हजार, दरवर्षी, न मागता, यूपीआय ऑटोपेवर. एक लाखाचा चेक देणारे दहा शेठ शोधण्यापेक्षा हे पाचशे लोक शोधणं जास्त मेहनतीचं आहे पण शेठ दुसऱ्या वर्षी मारबतीच्या मंडळाला देतात आणि हे पाचशे तसे हलत नाहीत. त्यांना द्यायचं काय? वर्षातून एक फेरी, दर महिन्याला इंजिनाच्या कामाचा खरा रिपोर्ट फोटोसकट, आणि वर्षातून एकदा शेडमध्ये येऊन हात काळे करायची परवानगी. ८०जी ची पावती द्याच, पण त्याचा फार डांगोरा पिटू नका, नवीन टॅक्स रिजीममधल्यांना ती सूट मिळत नाही आणि दोन हजाराच्या वरची रोख देणगीही त्यात बसत नाही. परदेशातला नागपूरकर पाठवतो म्हणाला तर आधी सीएला विचारा, विदेशी पासपोर्ट असेल तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही.

कमाईचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या कितीतरी जुन्या लाइन डिसेंबरच्या सांता स्पेशलवर वर्षभराचा मोठा हिस्सा कमावतात, लहान मुलं, गिफ्ट, गरम खायला, आणि गाडी जवळच फिरून येते. आपल्याकडे सांता कशाला, तान्हा पोळा आहे ना! सजवलेले लाकडी बैल घेऊन येणारी पोरं नागपूर सोडून एवढी कुठं दिसतात? तान्हा पोळा स्पेशल काढा, बैलासकट पोराचं तिकीट, सोबतच्या आई-बाबा-आजी-आजोबांचं वेगळं, सजावटीची स्पर्धा, इंजिनासमोर फोटो, एका पोरामागं चार तिकिटं खपतात. पावसाची भीती आहे, म्हणून शेडचं छप्पर सीएसआरमधून आधी मागायला सांगितलं. दिवाळीच्या सुट्ट्या, डिसेंबरमधलं अधिवेशन, पेंच-ताडोबाला जाणारे टुरिस्ट, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपला सीझन. एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत इंजिनाच्या फुटप्लेटवर, आगीसमोर उभं राहायला कोणी सांगू नका, माणसं मरतील. ते महिने दुरुस्तीचे.

तिकिटावर फार भरवसा ठेवू नका, शंभरच्या जागी दोनशे केलं तर कुटुंब फुटाळा तलावावर जाते. जास्त पैसा बाजूच्या गोष्टीत आहे. प्री-वेडिंग शूटला उभं इंजिन दिलं तर कोळसाही जळत नाही, थोडी वाफ पाहिजे तर वेगळा रेट. "एक दिवस फायरमन" असा कोर्स ठेवा, इंग्लंडात याला लोक चांगली किंमत मोजतात, कोळशाचा बेलचा (फावडं) हातात देऊन, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर कसा लावायचा ते शिकवायचं, अर्थात बाजूला आपला माणूस उभा पाहिजे. फोटोवाल्यांचा ग्रुप पहाटेच्या धुक्यात चार्टर घेते. कँटीन स्वतः चालवा किंवा बचतगटाला द्या, पण भाड्यावर देऊन मोकळे होऊ नका, विक्रीतला टक्का घ्या, कारण गाडीपेक्षा पोहे-चहात मार्जिन जास्त आहे हे कडू सत्य आहे.

माणसांचं राहिलं. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून व्हॉलंटिअर चालवतात, तिथूनच ही जगभरची चळवळ सुरू झाली. आपल्याकडे व्हॉलंटिअर मिळतात, पण पोलिश करायला आणि सेल्फीला. बॉयलर त्यांच्या भरवशावर सोडू नका. विदर्भात शकुंतला या नॅरोगेज गाडीचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये थांबलं, तेव्हाचा पंचविशीतला फायरमन आज साठीच्या दारात आहे. असे काका मूर्तिजापूर, नैनपूर, गोंदियाकडे अजून सापडतील, त्यांना हार-शाल देऊन परत पाठवू नका, मानधन द्या, सोबत आयटीआयची दोन पोरं लावा आणि ते जे जे करतात त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. पोरांना पगार असा द्या की दुसऱ्या वर्षी मिहानच्या कंपन्यांत पळणार नाहीत. दोन ड्रायव्हर, दोन फायरमन, एक बॉयलरचा माणूस, एवढ्यांचा पगार निघत नसेल तर गाडीचे दिवस कमी करा, माणसं कमी करू नका. विम्याचंही तसंच, प्रवाशांचा आणि तिसऱ्या व्यक्तीचा विमा नसेल त्या दिवशी गाडी शेडबाहेर काढायची नाही.

कोणी सल्ला देईल की कशाला एवढी झंझट, डिझेलच्या इंजिनाला वाफेचं रूप द्या, धूर सोडा. गुजरातमध्ये एकतानगरला तशी गाडी आहे, वरून वाफेचं, आतून विजेचं. स्वस्तही पडते आणि मंत्र्यांना आवडते. संस्थेला पैसा उभा करायचा नसेल तर तोच मार्ग बरा, मी काही नावं ठेवत नाही. फक्त त्याला पोह्याच्या प्लेटचे पाचशे लोक मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटचं कलम ट्रस्ट डीडमध्ये पहिल्याच दिवशी टाका. संस्था बंद पडली किंवा आपसात भांडणं झाली, आणि आपल्या गावात ती होतातच, तर बॉयलरची एफडी कोणाकडे जाणार, ओतकामाचे पॅटर्न आणि ड्रॉइंग कोणाकडे, सुटे भाग कोणाकडे. इंजिन रेल्वेचं असलं तरी नवीन बनवलेल्या ट्यूब आणि व्हॉल्व्ह तुमच्या पैशाच्या आहेत, त्यांची यादी नंबर टाकून ठेवा, दरवर्षी ३१ मार्चला मोजा आणि त्या यादीची एक प्रत म्युझियमच्या ऑफिसात सही-शिक्क्यानं देऊन ठेवा.